डावा कोपरा

टोपण पांढरं होतं, शेंगदाण्याएवढं, आणि ते बोटांतून निसटून फरशीवर पडल्याचा आवाज पुंडलिकने नीट ऐकला होता — टिक, मग आणखी एक बारीक टिक, मग काहीच नाही — म्हणजे ते घरंगळत लांब गेलेलं नव्हतं, इथंच खुर्चीच्या पायाशी होतं, हातभर अंतरावर. पण वाकून बघताना त्याला एकच फरशी दिसत होती, मान हलवली की शेजारची, मग तिच्यापुढची, आणि सगळ्या फरश्या तपासून झाल्यावर आपण पहिली नीट पाहिलीच नाही असं वाटून तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होता. डोळ्यात घातलेला थेंब गालावरून ओघळत होता. मग एक हात आला. बाजूने आला असणार, पण पुंडलिकसाठी हल्ली बाजूने काही येतच नसे. नसलेलं एकदम असायचं. त्याच्या बायकोने, चंद्रावतीने, टोपण उचललं आणि थेंबांच्या बाटलीवर बसवलं.

"आज तरी सांगा त्यांना," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"जे हाय ते."

त्याने आवरायला घेतलं. शिट्टी खिशात, वही पिशवीत, चष्मा उगाचच डोळ्यांवर. दिवाळीपासून ती हे सांगत होती. गणपतीच्या आधी पनवेलच्या डॉक्टरांनी काचबिंदू हा शब्द उच्चारला होता आणि गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब घालून राखायची, असं समजावलं होतं. किती गेली, असं पुंडलिकने विचारल्यावर त्यांनी कागदावर एक वर्तुळ काढलं आणि पेन्सिलने त्याची कड काळी करत करत आत आले, आले, आणि मधे वाटीएवढा पांढरा भाग ठेवून थांबले. तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार आला होता तो असा — मैदानाचे दोन्ही कोपरे बाद.

पेणला रामवाडीच्या स्टँडवर रोह्याची एसटी लागलेली होती. कंडक्टरने, या म्हात्रे सर, म्हणून पुढची जागा दिली; आज कोणाचं भाग्य उघडताय, असंही विचारलं. पेणपासून रोह्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. कॉलेजचे क्रीडाशिक्षक पुंडलिक म्हात्रे गेली तीन वर्षं मुंबईच्या एका संघासाठी जिल्ह्यातली कबड्डीची पोरं हेरत होते. पुढच्या आठवड्यात कबड्डी लीगचे सगळे संघ एकत्र बसणार होते आणि बावीस वर्षांच्या आतली कॉलेजची पोरं पाळीपाळीने, एकेक करून, आपापल्या संघात घेणार होते. एकदा नाव उचललं गेलं की पोरगं टीव्हीवर. नाही उचललं तर गावच्या मैदानावर, जत्रेच्या सामन्यांत, आणि मग हळूहळू कुठंच नाही. पुंडलिकच्या यादीतली पहिली दोन नावं संघ डोळे मिटून घेतो, असं म्हणत. म्हात्रे सरांची नजर! लोक हा शब्द असा उच्चारत, जणू ती त्याच्या अंगावरची एखादी वस्तू होती, अंगठीसारखी, आणि सोडून द्यायची म्हटलं तर — काय सोडायचं? खेळणं गुडघ्याने सोडायला लावलं. नोकरी आणखी चार वर्षांनी सुटेल. नजर एवढीच उरली होती, आणि ती तर आधीच गेलेली.

नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा काल संध्याकाळचा फोन त्याला पुन्हा ऐकू आला. संघाच्या कार्यालयातली लतिका दातार. वयाने त्याच्या मुलीएवढी, बोलायला नम्र, कामात चोख. पेणच्या चाचणीच्या कागदावर एक शेरा होता — डावा कोपरा, घोट्याची पकड अप्रतिम, नऊ गुण — आणि त्याच्या आधी लिहिलेला खेळाडूचा आकडा तिला लागत नव्हता. एक आहे की सात? तिने सहज विचारलं होतं, "सातच ना, सर?" आणि तो म्हणाला होता, "हो." अर्धा क्षणही न थांबता. थांबलो असतो तर तिला कळलं असतं. काय कळलं असतं? की हाताने आकडा गिचमिड काढला, कारण डोळ्यांनीच तो धड पाहिलेला नव्हता.

सात म्हणजे रघू. हमरापूरचा, एकोणीस वर्षांचा. घरी गणपतीचा कारखाना, नखांत कायम रंग. एक म्हणजे कान्हू. खाडीकाठचा, बाप डोलवीला कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली. पेणच्या त्या सामन्यात दोघं एकाच बाजूने खेळत होते आणि आळीपाळीने डावा कोपरा सांभाळत होते. त्या पकडीचं पुंडलिकने पाहिलं ते एवढंच — चढाईला आलेल्या पोराचा चेहरा. तो हसत होता, मध्यरेषेकडे वळत होता, आणि एकाएकी ते हसू तसंच राहिलं आणि चेहरा खाली गेला. कोणी ओरडलं नाही, धप्प आवाजही नाही. ओरडा नंतर झाला, बाकीच्यांचा. इतकी मुकी पकड त्याने वीस वर्षांत पाहिली नव्हती, आणि हीसुद्धा पाहिली नव्हतीच. मान वळवून पाय शोधेपर्यंत दोघं पोरं शेजारीशेजारी उठून अंग झटकत होती, एकाच्या छातीवर एक, दुसऱ्याच्या छातीवर सात. चित्रण झालं होतं ते पलीकडच्या मॅटचं. त्याने काहीतरी लिहिलं. नऊ गुण त्या हाताला खरेच होते. हात कुणाचा, एवढंच राहिलं.

आज दोघंही रोह्याच्या चाचणीला येणार होते. आज बघू, असं त्याने रात्रभर स्वतःला बजावलं होतं. जवळ बसू, नीट बघू, पाच वाजेपर्यंत लतिकाला फोन करू. गडबड झाली म्हणू. म्हाताऱ्याची गडबड कोणीही माफ करतं.

मैदानावर मांडव घालून मॅट अंथरली होती, एका बाजूला सिमेंटची गॅलरी, आणि पंचांच्या टेबलाशी काळुराम. काळुराम रोह्याचा. एके काळी जिल्ह्याच्या संघात पुंडलिक डावा कोपरा आणि काळुराम त्याच्या लगतचा. अकरा वर्षं एकमेकांचा हात धरून उभे राहिले होते दोघं, शब्दशः. आता काळुराम पंच होता, पोट सुटलेलं, आवाज तसाच. अठरा पोरं आली होती. पुंडलिकने खुर्ची मॅटच्या इतकी जवळ घेतली की काळुरामने दोनदा मागे सरकायला सांगितलं.

आणि खेळ सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत त्याला कळून चुकलं की जवळ बसल्याने काही होत नाही, उलट — जवळून तर आणखी थोडंच मावतं त्या वाटीत. चढाई करणारा दिसला की पकडणारे नाहीसे होत. कोपऱ्यावर नजर रोवली की समोर रिकामी मॅट, मग अचानक त्या रिकामेपणात पायांचा गुंता आणि शिट्टी. तो मान हलवत राहिला. बाजूला बसलेल्या प्राध्यापकांनी मान हलवण्याचा अर्थ पसंती असा घेतला. त्याने कानांनी बघायचा प्रयत्न केला, तळव्यांच्या आवाजावरून, दमाच्या लयीवरून, गॅलरीतल्या 'अरे अरे'वरून; वहीत गुण लिहिले, सहा, पाच, सहा, सात, कोणालाही दुखवणार नाहीत असे. ही अठरा पोरं सकाळी सहाच्या गाड्या धरून आली होती. कोणाच्या आईने उपास धरला असेल आज. आणि मी इथं आकडे पेरतोय.

जेवणाच्या सुट्टीनंतर तो उठला आणि काळुरामला म्हणाला की डाव्या कोपऱ्यावर खेळणाऱ्या चौघांना वेगळं काढ, मी स्वतः चढाई करतो. काळुरामने आधी ऐकलंच नाही, मग म्हणाला, गुडघे आहेत का जागेवर? पोरं हसली, दबून. पण पुंडलिकने चपला काढल्या होत्या. ही कल्पना कुठून आली ते त्याला सांगता आलं नसतं. डोळ्यांचं संपलं तेव्हा कातडीने पुढे येऊन म्हटलं असावं, मला विचार. घोट्यावर पडलेला हात तो ओळखू शकला असता. आयुष्यभर त्याने तेच केलं होतं, दुसऱ्याच्या घोट्यावर हात टाकणं. असा हात काय असतो ते त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? एका पकडीत कळेल, बस्स, एका पकडीत.

पहिल्या दोघांनी त्याला अदबीने धरलं, देवळातली वस्तू उचलावी तसं. तो ओरडला की खरं धरा. तिसरा रघू. रघूने खरं धरलं; अंगावर झेप घेत, मोठ्याने हुंकारून, दोन्ही हातांनी घोटा आवळून, आणि पुंडलिक कुल्ल्यावर आपटला. चांगली पकड, जोरदार. सात गुणांची, फार तर साडेसात. रघूने हात देऊन उठवलं तेव्हा नखांतला निळा रंग बरोबर त्या वाटीत आला. पेणची ती पकड ही नव्हती... की होती? पेणला समोर जिवंत चढाईपटू होता, इथं चौपन्न वर्षांचा मास्तर. हुंकार ऐकवण्यासाठीही दिला असेल, मला, निवड करणाऱ्याला. पण मी बघत नाही, नुसता ऐकतोय, हे त्याला काय माहीत!

चौथा कान्हू. पुंडलिकने मध्यरेषेवर पाय ठेवला, श्वास भरून घेतला आणि दम धरला — कबड्डी कबड्डी कबड्डी — आणि त्या जुन्या शब्दाबरोबर सगळं जुनं वर आलं, मिठागराचा बांध, वीतभर रुंद, दोन्हीकडे पाणी, पुढे बाप डोक्यावर मिठाची टोपली घेऊन आणि मागे आपण आठ वर्षांचे, खाली न बघता चालणारे, कारण बांधाच्या दोन्ही कडा न बघताच दिसायच्या, डोळ्यांच्या टोकांना, पाणी चमकायचं तिथं — कबड्डी कबड्डी — आता समोर मधली दोन पोरं, त्यांच्या छात्या, आणि उजवीकडे, जिथे त्यांचा डावा कोपरा उभा असायला हवा तिथे, अंधारही नाही. अंधार असता तर बरं. तिथे काहीच नाही, जागाच नाही. तो त्या नसलेल्या जागेत शिरला. पाय फेकला.

टाचेवर एक हात आला. आवाज न करता. अंगठा पुढून, चार बोटं मागच्या खळगीत, जिथे शीर उडते तिथे. घाईशिवाय, दार लावून घ्यावं तसा तो बंद झाला आणि पुंडलिकच्या अख्ख्या शरीराला कळलं की आता सुटका नाही, आता भार येणार, आता आपण जाणार...

आणि हात उघडला.

भार आला नाही. तो एका पायावर लटपटला, दोन पावलं मागे गेला, मध्यरेषा पायाखाली आली. शिट्टी. गॅलरीत टाळ्या, पोरांच्या शिट्ट्या, प्राध्यापक उभे राहिलेले. काळुराम हसत, मोठ्याने म्हणत होता की म्हाताऱ्याने फसवलं, आणि वहीत लिहीत होता. पुंडलिकला धाप लागली होती. घोट्यावर ती पाच बोटं अजून तशीच होती.

सगळे पाणी प्यायला गेले तेव्हा कान्हू त्याच्या चपला घेऊन आला आणि पायाशी ठेवून तिथेच उकिडवा बसला.

"सर, मी दोन पावलं आत आलेलो. तुमी बघितलं नाय."

"बघितलं होतं."

"आमची आजी पण असाच बोलायची," कान्हू म्हणाला. "बघितला, बघितला. मंग उंबऱ्याला पडायची."

"सोडलंस का मला?"

"खेचला असता तर तोंडावर गेला असता तुमी. कळलंच नसतं कुठून आला ते. सगले बसलेले."

पुंडलिकला त्याला मारावंसं वाटलं. खरोखर, कानाखाली. कोणी सांगितलं होतं दया करायला. तेही आज, त्या मॅटवर, जिथे काळुरामने आताच 'पकड सुटली' असं लिहिलं होतं. त्याने वय विचारलं. मे महिन्यात बावीस पूर्ण होत होती. म्हणजे ही शेवटचीच निवड. आणि मग? मग काय, कान्हू म्हणाला, बाबांनी ठेकेदाराकडे नाव दिलंय, शिफ्ट चालू होईल. हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही.

आता फक्त विचारायचं होतं. पेणला ती पकड कुणाची होती, तुझी की रघूची? एवढं एक वाक्य. पण जिभेवर आलेलं ते वाक्य पुंडलिकने गिळलं, कारण या पोराने उत्तर दिलं असतं तर ते मी कसं ओळखणार होतो — खरं बोलला असता, की माझं लिहिलेलं चुकू नये म्हणून पुन्हा एकदा हात उघडला असता आणि म्हणाला असता, रघूची? आणि 'माझी' म्हणाला असता, तरी कुणाच्या भरवशावर लिहायचं, ज्याचं नशीब टांगलंय त्याच्याच? घोट्याला ठाऊक होतं. पण घोट्याला अर्धंच ठाऊक होतं. पकड पुरी झालीच नव्हती. की मलाच आता ती याची असायला हवी होती, त्याने मला झाकलं म्हणून? पुंडलिकने चपला घालायला सुरुवात केली, आणि उजवी चपल त्याला सापडेना, आणि कान्हूने काही न बोलता ती अंगठ्याशी सरकवली.

साडेचारला काळुराम टेबलाशी बसून गुण जुळवत होता. सगळे अपेक्षेप्रमाणेच आहेत, तो म्हणाला, रघू वर, त्याच्याखाली माणगावचा तो चढाईवाला. फक्त तुझ्या त्या खाडीवाल्याचं काय? साध्या चढाईत मास्तर सुटला त्याच्या हातून.

"सुटलो नाही," पुंडलिक म्हणाला. "त्याने सोडलं. मी पडलो असतो म्हणून. काळुराम, मला दिसत नाही."

काळुरामने आधी चष्म्याकडे पाहिलं असावं. मग, कधीपासून, असं विचारलं. गणपतीच्या आधीपासून. समोरचं दिसतं, बाजूचं नाही. काळुरामचं पेन टेबलावर थांबून थांबून टकटकत राहिलं, आणि पुंडलिकला त्यात हळूहळू काहीतरी मोजलं जात असल्यासारखं वाटू लागलं. अलिबाग. माणगाव. पेण. आणि आज.

"अलिबागला मोरू होता," काळुराम म्हणाला.

मोरू त्याच्या बहिणीचा मुलगा. पुंडलिकला नाव आठवलं, गुण आठवले — चार — चेहरा काही केल्या आठवेना.

"मीच बहिणीला सांगून आलो, ताई, पोरात काही नाही. तिने विचारलं, कशावरून? म्हटलं, पुंडलिकने पाहिलंय, आता आणखी काय पाहिजे? पोराने दुसऱ्या दिवसापासून मैदानावर जाणं सोडलं. बूट कोणाला तरी देऊन टाकले." त्याचा आवाज वर गेला नाही. वर गेला असता तर सोसलं असतं. "तू पाहिलं होतंस का त्याला?"

पुंडलिक आठवत राहिला. अलिबागची वाळू, एक कान, कुणाची तरी घामाने चिकटलेली बनियन. "नाही," तो म्हणाला.

काळुरामने कागद एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या, आणि ते पुंडलिकच्या हातात न देता टेबलावर ठेवून तो उठून गेला.

पावणेपाचला पुंडलिकने लतिकाला फोन लावला. पेणच्या कागदावरचा तो आकडा एक असावा, असं त्याने सांगितलं. असावा म्हणजे, तिने विचारलं, खात्री आहे ना? नाही, तो म्हणाला, आणि मग तिला मधे बोलू न देता सगळं सांगून टाकलं. थेंब, वर्तुळ, चारही चाचण्या. पलीकडे कुणीतरी हसत होतं, दुसऱ्याच कसल्या तरी गोष्टीवर. लतिका हळू आवाजात म्हणाली की सर, मग मी रायगडची यादीच पुढे कशी नेऊ? वरिष्ठांना विचारते. कदाचित एखाद्याला पुन्हा बघायला बोलावता येईल. कदाचित या वर्षी रायगड सोडूनच द्यावं लागेल. म्हणजे रघूही जाईल, त्याने विचारलं. तो खरंच चांगला आहे हो. "सर," ती म्हणाली, "ते तरी मी आता कशावरून मानू?" तिने हे दुष्टपणाने विचारलं नव्हतं. मग, सहापर्यंत कळवते, म्हणून तिने फोन ठेवला.

सहा वाजायला अजून वेळ होता. तो गॅलरीच्या वरच्या टोकाला जाऊन बसला. खरं बोलल्यावर हलकं वाटतं असं त्याने ऐकलं होतं. तसं काही वाटलं नाही. खरं बोलून त्याने एकालाही वाचवलं नव्हतं, अठरा जणांना धोक्यात घातलं होतं, आणि न बोलता राहिला असता तरी — दोन्हीकडून पाणीच. खाली चाचणी संपली होती तरी पोरं खेळत होती, उगाचच, गुणांशिवाय. रघू आणि कान्हू एकाच बाजूला होते बहुतेक. आवाजांवरून तसं वाटत होतं. मधेच एक चढाई निःशब्द थांबली आणि नंतर ओरडा झाला, आणि पुंडलिकची मान आपोआप तिकडे वळायला निघाली... त्याने ती वळू दिली नाही. हात वहीकडे गेला नाही. पकड झाली होती, कुणाची तरी, आणि ती चांगली होती.

फोन मांडीवर गप्प होता. मांडवाच्या दाराशी काळुराम उभा होता, पाठमोरा. गेला नव्हता, पण वळूनही बघत नव्हता. त्याच्याकडे जायला हवं होतं. काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं. पुंडलिक उठला. इतके दिवस पायऱ्या उतरताना तो खिशात काही शोधल्याचं, धोतराचा सोगा सावरावा तसा पँटचा पट्टा सावरल्याचं सोंग करत असे आणि तेवढ्यात पावलाने खालचा अंदाज घेत असे. आता त्याने हात बाजूला सोडले, आणि सगळी पोरं खाली असताना, प्राध्यापक बघत असताना, पाय पुढे करून चाचपडला — सावकाश, उघडपणे, आंधळा चाचपडतो तसा. खाली पायरी लागली. तिच्यावर भार टाकून तो पुढच्या पायरीसाठी दुसरा पाय हवेत फिरवू लागला, आणि खालचा कबड्डीचा दम मधेच थांबल्याचं त्याला ऐकू आलं.